बारावीनंतर जपानी भाषा आणि संस्कृतीत पदवी – नाशिकहून कसं जमवावं?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी यंदा कला शाखेतून बारावी झाली. अकरावीपासून कॉलेज रोडला एका क्लासमध्ये जपानी शिकते आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन५ ही सगळ्यात सोपी पातळी झाली, येत्या जुलैत पुण्याच्या केंद्रावर त्यावरची एन४ देणार आहे. आता तिला पदवीच जपानीची घ्यायची आहे. नुसती बोलायला शिकून तिचं समाधान होणार नाही. तिथला इतिहास, साहित्य, देवळं, माणसं कशी वागतात आणि तशी का वागतात, हे सगळं तिला नीट अभ्यासायचं आहे.

तिचे बाबा म्हणतात, आधी बी.कॉम. कर, जपानी संध्याकाळी चालू ठेव. सासूबाई नातीच्या बाजूने आहेत. माझं मन तिच्याकडे झुकतं, पण पोटापाण्याचा प्रश्न मलाही पडतोच. नाशकात अशी पदवी मला सापडली नाही. पुण्याला ठेवायचं तर खर्च आहे. कुणी या वाटेने गेलं असेल तर सविस्तर लिहा.

त्सुयाकु_इंदिरानगर

ताई, मी इंदिरानगरचा. पदवी पुण्यात केली, आता दुभाषी आणि तांत्रिक अनुवादक म्हणून काम करतो. सविस्तर लिहा म्हणालात, म्हणून जरा लांबेल.

पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचं बी.ए. आणि एम.ए. दोन्ही आहे. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात प्रमाणपत्र, पदविका अशा पायऱ्या आहेत. रानडे इन्स्टिट्यूट म्हणून जुनी मंडळी ओळखतात तोच हा विभाग. दुसरं काही शिकता शिकता जपानी करणाऱ्यांना तो मार्ग बरा पडतो. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर दिल्लीला जेएनयूमध्ये जपानीचं बी.ए. ऑनर्स आहे, त्यासाठी सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात जपानी आहे. शांतिनिकेतनला विश्वभारतीचं निप्पोन भवन आहे. दिल्ली विद्यापीठाच्या पूर्व आशियाई अभ्यास विभागात भाषेबरोबर इतिहास आणि राजकारणावर भर असतो.

आता पदवीत नेमकं काय मिळतं ते सांगतो, कारण क्लास आणि पदवी यातला फरक घरच्यांना समजावणं सगळ्यात अवघड जातं. क्लासमध्ये आपण 'मिन्ना नो निहोन्गो' या पाठ्यपुस्तकाचे धडे एकामागून एक करतो. पहिल्या भागात पंचवीस, दुसऱ्यात पुढचे पंचवीस. ते संपले की साधारण एन४ ची तयारी होते. पदवीला हा पाया होताच, पण पुढे हेआन काळ, १६०३ ते १८६८ चा एदो काळ, मग मेइजी काळात सगळा देश कसा बदलला, हे वाचावं लागतं. मूळ उतारे समोर ठेवून अनुवाद करावा लागतो आणि वर्गात उभं राहून प्रत्येक शब्दाचा जाब द्यावा लागतो. माझ्या आजच्या कामाचा कणा तिथे तयार झाला. कारखान्यातल्या बैठकीत जपानी साहेब 'बघतो, विचार करतो' म्हणाले, तर तो होकार आहे की सभ्य नकार, हे व्याकरणाच्या पुस्तकातून कळत नाही.

सातपूर_एमआयडीसी

वरच्या प्रतिसादाचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मी यंत्र अभियंता आहे आणि नोकरी करता करता एन२ पर्यंत आलो. आमच्याकडे माणूस घेताना आधी विचारतात, तुला काम काय येतं? जपानी त्यानंतर. ज्याला रेखाचित्र वाचता येतं आणि जपानीही येतं, त्याला मागणी कायम असते. नुसती भाषा येणाऱ्याला दुभाष्याचं काम मिळतं, पण पुढे त्यालाही साचा म्हणजे काय, सहनमर्यादा (टॉलरन्स, मापात चालणारा फरक) म्हणजे काय, हे शिकावंच लागतं. चाकण, तळेगाव, रांजणगाव, आणि नगर जिल्ह्यात सुप्याला जपानी उद्योगांसाठी ठेवलेलं औद्योगिक क्षेत्र, सगळीकडे हेच दिसेल.

तेव्हा बी.कॉम. आणि सोबत जपानी ही बाबांची सूचना टाकाऊ नाही. लेखापालाला जपानी येत असेल तर तोही दुर्मीळच.

त्सुयाकु_इंदिरानगर

@सातपूर_एमआयडीसी, विषयाचं ज्ञान लागतंच, यात वाद नाही. मीही ते शॉप फ्लोअरवर उभं राहूनच शिकलो. पण एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. जेएलपीटी या परीक्षेत बोलणं नाही आणि लिहिणंही नाही. सगळे बहुपर्यायी प्रश्न. एन५ ला १८० पैकी ८०, एन४ ला ९० गुण मिळाले की पास, प्रत्येक विभागात किमान गुण मात्र हवेत. एन१ ला १०० लागतात. म्हणजे हातात एन२ आहे आणि फोनवर दोन वाक्यं बोलताना घाम फुटतो, अशी माणसं भरपूर भेटतात. दोष त्यांचा नाही, परीक्षाच तशी आहे. रोज चार तास वर्गात बोलून, लिहून, खोडून शिकायची जागा विद्यापीठच देतं. संध्याकाळच्या तासाभरात ते होत नाही, विशेषतः दिवसा बी.कॉम.ची दमछाक झालेली असताना.

शिवाय ताईंच्या लेकीने 'जपानी येणारी लेखापाल' व्हायचंय असं म्हटलेलंच नाही. तिला जपान हाच विषय शिकायचा आहे. कुणी मराठीत एम.ए. करायचं म्हटलं तर आपण त्याला टायपिंग शिकायला पाठवतो का?

सातपूर_एमआयडीसी

मान्य. आवडच जपान असेल तर पदवी करावी. माझी सूचना एवढीच की तीन-चार वर्षांत एखादा जोडविषय हाताशी ठेवावा. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो, त्याचा उपयोग करावा. संगणक, पर्यटन, व्यापार, काहीही.

त्रिरश्मी

उशिरा येतोय, पण संस्कृतीचा विषय निघाला म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

ताई, तुमच्या मुलीला सांगा, तिच्या अभ्यासाची एक बाजू पांडवलेण्यात आहे. तिथले सातवाहन आणि क्षत्रपांचे शिलालेख ब्राह्मी लिपीत आहेत. त्याच ब्राह्मीच्या वंशातली सिद्धम् लिपी बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे जपानला पोचली. कूकाई नावाचा जपानी भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथे भारतीय भिक्षू प्रज्ञ यांच्याकडे संस्कृत शिकला आणि ८०६ मध्ये परतला. त्याने स्थापलेल्या शिंगोन पंथात आजही सिद्धम् अक्षरं पूजेत आणि ध्यानात वापरतात. स्मशानातल्या लाकडी फळ्यांवरही ती लिहितात. आपला 'अ' समोर ठेवून ध्यान करणारे लोक तिथे आहेत.

याहून गंमतीची गोष्ट म्हणजे जपानी अक्षरमाला. अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या वर्णमालेचाच क्रम आहे हा, संस्कृतच्या अभ्यासातून आलेला. मुलांना प्रश्न पडतो की क नंतर च यायला हवा, मध्येच स कुठून आला? आणि न नंतर प ऐवजी ह कसा? तर त्या काळी जपानीतला 'स' आपल्या च-त्सच्या जवळचा उच्चारला जात असे आणि 'ह' हा 'प' होता. उच्चार बदलले, जागा तशाच राहिल्या. ज्याने लहानपणी घरी क ख ग घ घोकलंय त्याला हे कोडं आपोआप सुटतं.

देवही ओळखीचे भेटतील. सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली, सात भाग्यदेवतांपैकी एक. गणपती कांगितेन झाला, आलिंगन दिलेल्या दोन गजमुखी मूर्तींच्या रूपात. तोक्योच्या आसाकुसा भागात मात्सुचियामा शोदेन हे त्याचं देऊळ आहे, तिथे नैवेद्याला पांढरा मुळा वाहतात. नारा इथल्या तोदाइजीच्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ साली बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला. आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर २०१५ मध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. कोयासान म्हणजे तोच कूकाईचा डोंगर.

हा सगळा धागा उलगडायला जपानी आणि संस्कृत दोन्ही येणारी माणसं हवीत. आपल्याकडे ती फार थोडी आहेत. पाली किंवा संस्कृत हा जोडविषय घेता आला तर अवश्य घ्यावा, व्यापारापेक्षा आधी. (सातपूरकरांनी रागावू नये.)

सातपूर_एमआयडीसी

रागावलो नाही, उलट रविवारी पांडवलेण्यात जाऊन येतो. +१.

सिन्नरकर

विषय थोडा वेगळा आहे, पण आईवडील वाचत असतील म्हणून लिहितो. माझ्या धाकट्या भावाला एका एजंटाने 'जपानला शिकायला पाठवतो' म्हणून मोठी रक्कम मागितली होती. कागद नीट वाचले तेव्हा कळलं की तो शिक्षणाचा व्हिसाच नव्हता, कामगार म्हणून जायचं होतं. आम्ही वेळीच थांबलो.

त्यानंतर मी स्वतः सगळी माहिती काढली. तीन वाटा आहेत, त्या एकमेकींत मिसळू नका. एक, विद्यार्थी व्हिसा, यात परवानगी काढून आठवड्याला २८ तासच अर्धवेळ काम करता येतं. एजंट 'काम करून फी निघेल' म्हणतो तेव्हा हा आकडा लक्षात ठेवा. दोन, विशिष्ट कुशल कामगार, म्हणजे तोकुतेइ गिनो. भारताचा त्याबद्दलचा करार जानेवारी २०२१ चा. त्यासाठी एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा आणि त्या त्या कामाची कौशल्य परीक्षा लागते. वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामाला भाषेची आणखी एक परीक्षा आहे. या कुशल कामगार व्हिसाच्या पहिल्या प्रकारात पाच वर्षांपर्यंत राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. तीन, तांत्रिक प्रशिक्षणार्थी, ती योजना २०२७ पासून बदलते आहे.

कुशल कामगार म्हणून जाण्यात कमीपणा काही नाही. आमच्या गावातली नर्सिंग झालेली एक मुलगी तशीच गेली आणि छान आहे. पण विद्यापीठात शिकणं आणि ते, या वेगळ्या गोष्टी आहेत.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. त्रिरश्मींचा प्रतिसाद मुलीने मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंनी गणपतीला मुळा वाहतात हे ऐकून दोनदा विचारलं, खरंच का!

बाबांचा सूर थोडा मऊ झालाय. त्यांचे दोन प्रश्न आहेत. शिष्यवृत्ती मिळून जपानला जाता येतं का, आणि भाषा पुढे खूप कठीण होऊन मुलगी मध्येच सोडून देईल का?

हिगाशी_गंगापूर_रोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. मी बी.ए. करताना जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर एक वर्ष तिथल्या विद्यापीठात होते.

या शिष्यवृत्तीला निक्केनसेइ म्हणतात. जपानबाहेरच्या विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यांसाठीच ती आहे. बाबांना हे जरूर सांगा, कारण बी.कॉम. करून सोबत क्लास लावणाऱ्याला ही मिळत नाही. फी माफ, जाण्यायेण्याचं विमान तिकीट आणि महिन्याला साधारण १,१७,००० येन. वर्ष संपलं की परत येऊन आपली पदवी पूर्ण करायची. अर्ज दूतावासामार्फत किंवा दोन विद्यापीठांचा करार असेल तर विद्यापीठामार्फत. लेखी परीक्षा आणि मुलाखत होते, जागा कमी असतात. म्हणून पहिल्या वर्षापासून गुण सांभाळायचे.

बारावीनंतर पूर्ण पदवीसाठी नेणारी शिष्यवृत्तीही आहे. पाच वर्षं, त्यात पहिलं वर्ष भाषेचं. पण तिच्या लेखी परीक्षेत कला शाखेच्या मुलांनाही गणित द्यावं लागतं. शिष्यवृत्तीशिवाय जायचं तर तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठांची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेशाचे एकदाच २,८२,००० येन. काही विद्यापीठांनी आता वाढवली आहे. राहण्याखाण्याचा खर्च वेगळा. तिथलं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आपलं वेळापत्रक त्याच्याशी जुळत नाही हेही धरून चाला.

तिथे जाऊन माझं काय झालं ते थोडक्यात सांगते. पहिले काही आठवडे शिक्षकांचं कळायचं, दुकानदाराचं कळायचं नाही. वर्गात शिकलेली भाषा सभ्य आणि पूर्ण वाक्यांची असते. मुलं आपसात अर्धी वाक्यं बोलतात. मला सावरलं ते ग्रंथालयाने. रोज संध्याकाळी तिथे बसायचे आणि शाळकरी मुलांची इतिहासाची पुस्तकं वाचायचे. परत आल्यावर माझा प्रबंधिकेचा विषय त्याच वाचनातून निघाला. भाषा येणं आणि त्या भाषेत एखादा विषय शिकता येणं, यात किती अंतर आहे ते मला तिथे दिसलं. आणि ते कापता येतं हेही दिसलं.

कानाकाना

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. मी नाशिक रोडला मुलांना जपानी शिकवते.

मराठी माणसाला जपानीचं व्याकरण इंग्रजी माणसापेक्षा कितीतरी सोपं जातं. क्रियापद शेवटी. ला, त, हून सारखे छोटे शब्द नामाच्या मागे. आणि सगळ्यात सुंदर म्हणजे आपली जोडक्रियापदं. 'करून बघ', 'करून ठेव', 'करून टाक', 'घेऊन ये', ही सगळी रचना जपानीत जवळजवळ अशीच आहे. बघणे आणि ठेवणे ही क्रियापदंसुद्धा तीच! 'मिरु' म्हणजे बघणे, 'ओकु' म्हणजे ठेवणे, आधीच्या क्रियापदाला तशीच जोडायची. इंग्रजीतून शिकवलं की मुलं गोंधळतात, मराठीतून सांगितलं की एका तासात बोलायला लागतात. उच्चारांचंही तसंच. 'त्सु' म्हणताना परदेशी लोक अडखळतात, आपण 'चूल' आणि 'चाक' म्हणत मोठे झालो.

अवघड काय ते लपवत नाही. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं. रोजच्या वापराची म्हणून सरकारने ठरवलेली अक्षरं २,१३६ आहेत, २०१० पासूनची यादी. त्यातली १,०२६ तिथली मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. बहुतेक अक्षरांचे दोन किंवा अधिक उच्चार. याला रोज लिहिण्याशिवाय इलाज नाही. दुसरं, ऱ्हस्वदीर्घ. आपण मराठीत बोलताना ते सैल सोडतो. तिथे 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. तिसरं, आदरार्थी भाषा. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण एवढ्यावर भागतं. तिथे समोरच्याच्या जेवण्याला एक क्रियापद, स्वतःच्या जेवण्याला दुसरं, दोस्तांत तिसरं.

मुलं सोडून देतात ती बहुतेक एन४ आणि एन३ च्या मध्ये. तिथे पाठ्यपुस्तकाचा आधार सुटतो आणि खरं वाचन सुरू होतं. एकट्याने अभ्यास करणारा त्या टप्प्यावर गळतो. सोबतीला वर्ग आणि शिक्षक असतील तर टिकतो. म्हणून मी माझ्या हुशार विद्यार्थ्यांना स्वतःच सांगते, आता माझ्याकडे थांबू नका, विद्यापीठात जा.

त्सुयाकु_इंदिरानगर

शेवटचं वाक्य लाखमोलाचं. असे शिक्षक सगळ्यांना मिळोत.

त्रिरश्मी

@कानाकाना, तुम्ही मराठीतून व्याकरण शिकवता ते कुठे लिहून ठेवलंय का? नसेल तर इथेच वेगळा धागा काढा, विनंती आहे. मराठीतून जपानी शिकायची साधनं फार कमी आहेत. हायकू शिरीष पैंमुळे मराठीत रुजला, पण मूळ जपानीतून वाचून मराठीत आणणारे अजूनही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

कानाकाना

वहीत आहे सगळं. सुट्टीत टंकते.

गोदाकाठ

ठरलं. निक्केनसेइची अट वाचून बाबा स्वतःच म्हणाले की अर्ज भरून टाकू. पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊन विभाग बघून येणार आहोत. जोडविषयावरून घरात नवीन चर्चा सुरू झाली आहे, मुलगी पाली म्हणते, बाबा संगणक!

आता दोन व्यावहारिक गोष्टी. विभागात गेल्यावर काय विचारायचं? आणि प्रवेश होईपर्यंतच्या दिवसांत तिने काय करावं?

त्सुयाकु_इंदिरानगर

विचारायच्या गोष्टी. एन५ झालेल्या मुलीला पहिल्या वर्षी पुन्हा अआइई पासून बसावं लागेल की वरच्या वर्गात घेतात? जपानी मातृभाषा असलेले शिक्षक आहेत का? कोणत्या जपानी विद्यापीठांशी करार आहेत आणि गेल्या काही वर्षांत किती मुलं गेली? अनुवाद आणि दुभाषेपणा स्वतंत्र विषय म्हणून आहेत का? ग्रंथालय स्वतः आत जाऊन बघा, कपाटात जपानी पुस्तकं किती आणि ती हाताळलेली दिसतात का. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांशी बोला, कार्यालयापेक्षा तिथे जास्त कळेल. शक्य असेल तर एक तास मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा.

सकाळी लवकर निघा, नारायणगावच्या पुढे, चाकणला तर हमखास, गर्दी लागते.

हिगाशी_गंगापूर_रोड

मधल्या दिवसांसाठी जपान फाउंडेशनचं 'मिनातो' हे संकेतस्थळ आहे, तिथले बरेच अभ्यासक्रम फुकट आहेत. एनएचके वर्ल्डचे सोपे भाषाधडेही. आणि डिसेंबरच्या परीक्षेची नोंदणी कधी उघडते यावर नजर ठेवा, पुण्याच्या जागा भराभर जातात. एन४ जुलैत झाली तरी डिसेंबरला लगेच एन३ ची घाई नको, पदवीच्या पहिल्या सत्रात ती पचवू दे.

वसतिगृह मिळालं नाही तर मला व्यक्तिगत निरोप करा. विद्यापीठाच्या जवळ मुलींसाठीच्या ज्या खोलीत मी राहायचे, त्या काकू अजूनही फक्त शिकणाऱ्या मुलींनाच ठेवतात, जेवण घरचं असतं.